काळ्या रानावर टर्फ: आधी एक पावसाळा जाऊ द्या

वाचकाचं पत्र: कोल्हापूरजवळ उचगावात आमचा बंगला आहे. मागे ६० बाय ३० फूट मोकळी जागा आहे, सगळी काळी माती. मुलगी १३ वर्षांची, फुटबॉलचं वेड. धाकट्याला क्रिकेट हवं. म्हणून तिथं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, करायचं ठरवलंय. ठेकेदार म्हणतो, सुट्टी संपायच्या आत आठ दिवसांत देतो. माती सपाट करायची, भेगांत ग्रिट भरायची, वर चार इंच खडी, त्यावर टर्फ. नाहीतर खडीऐवजी तीन इंच काँक्रीट. वडील (आबा) म्हणतात, काळ्या रानावर काही टिकत नाही, पैसे मातीत घालू नकोस. मागच्या कंपाउंड भिंतीला तिरकी भेग गेली आहेच, आणि सध्या मे महिन्यात जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा आहेत. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचं मोठं कडुलिंबाचं झाड आहे. काय करू?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

ठेकेदाराला आज फोन करा आणि मे महिन्यातलं काम थांबवा. ॲडव्हान्स दिला नसेल तर उत्तमच. दिला असेल तर तो डिसेंबरच्या कामात वळता करून घ्या आणि तसं लिहून घ्या. मुलं रुसतील, त्यावर उपाय पुढं सांगतो.

आबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. काळ्या रानावर गोष्टी टिकतात, पण मातीला वर्षभर साधारण एकसारखी ओल मिळाली तरच. आपली काळी माती म्हणजे काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी जातं, माती आकसते, भेगाळते. भिंतीची ती तिरकी भेग याच फुगण्या-आकसण्यानं गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे. जी माती विटांची भिंत हलवते तिला टर्फचं वजन ते काय वाटणार?

त्यातही ती सगळीकडं सारखी फुगत नाही. झाकलेल्या जागेच्या मध्यभागी ओल टिकून राहते. कडा मात्र पावसात भिजतात आणि उन्हाळ्यात वाळतात. म्हणून पहिल्या वर्षी कडा वर येतात, मेमध्ये खाली बसतात, आणि दोन वर्षांत मैदानाला लाटा येतात. टर्फ फाटत नाही, सांधे उकलतात. ठेकेदार येऊन सांधे परत चिकटवून जातो, पुढच्या वर्षी तेच.

आता मे महिना का नको, ते सांगतो. या दिवसांत माती वर्षातली सगळ्यात जास्त आकसलेली असते. अशा मातीवर लेव्हल धरली तर जूनमध्ये ती लेव्हल राहणारच नाही. भेगांत ग्रिट भरणं तर उलटंच. पाऊस पडला की त्या भेगा मिटायला हव्यात. तुम्ही त्यांत खडे भरलेत तर मातीला फुगायला बाजूला जागाच उरत नाही, मग ती वरच्या दिशेनं फुगते. ऑगस्टमध्येही काम नको, तेव्हा रोलर रुतेल. काम करायचं ते वापसा आल्यावर, म्हणजे आपल्याकडं साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. वापसा कशाला म्हणतात हे मी आबांना शिकवायला नको. मूठभर माती दाबली की लाडू व्हावा, हाताला चिकटू नये, आणि खाली टाकला की फुटावा. त्या ओलीत माती ना पूर्ण फुगलेली असते ना पूर्ण आकसलेली, आणि ती दाबलीही सगळ्यात चांगली जाते.

चार इंच खडीचं म्हणाल तर हा ठेकेदार खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. त्यानं पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडं जांभ्या मातीत कामं केली असतील. तिथं खडीतून उतरलेलं पाणी खाली मुरून जातं, आणि त्याची पद्धत चालते. काळ्या मातीत पाणी मुरत नाही. तिथं तुम्ही खड्डा खणून खडी भरलीत तर तो एक हौद होतो. वरून पाणी येत राहतं, बाहेर जायला वाट नाही, आणि हौदाचा तळ म्हणजेच ती फुगणारी माती. टर्फ वरून कोरडं दिसतं आणि खाली महिनाभर पाणी साचलेलं असतं. यूट्यूबवर 'उत्तम निचरा' म्हणून जे दाखवतात ते बहुतेक जांभ्यासारख्या मातीतलं, जिथं खाली पाणी झिरपतं.

तीन इंच काँक्रीट हा त्याहून वाईट पर्याय. इतका पातळ थर, सळी नाही, सांधे नाहीत, आणि खाली काळी माती. पहिल्या दिवाळीलाच तडे दिसतील. शिवाय काँक्रीटवर टाकलेल्या टर्फवर मुलगी पडली की लागणार काँक्रीटच.

तर येणारा पावसाळा जमिनीकडं बघण्यात घालवा. पत्रात तुम्ही टर्फबद्दल बरंच लिहिलंय, पण पाणी कुठं जाणार याबद्दल एक ओळ नाही, आणि माझ्या लेखी या कामातला निम्म्याहून मोठा प्रश्न तोच आहे. हिशेब करून बघा. मैदान साडेचौदाशे चौरस फूट धरलं आणि तासात ५० मिलिमीटरचा जोराचा पाऊस झाला, तर त्या तासात जवळपास पावणेसात हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे हजार लिटरच्या सात टाक्या. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी कुठं साचतं तिथं खुंट्या मारून ठेवा. गवंड्याला बोलावून पाण्याच्या नळीनं लेव्हल काढा: मागच्या अंगणापेक्षा रस्त्याकडची गटार किती खाली आहे? एक-दीड फूट खाली असेल तर काम सोपं आहे. गटारच उंच असेल तर अंगणाच्या टोकाला चेंबर करून पंप बसवावा लागेल, तो खर्च आत्ताच धरा. शोषखड्ड्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. काळ्या मातीत तो भरतो आणि भरलेलाच राहतो, वर आजूबाजूची माती फुगवतो. गच्चीचे पाईपही बघा. ते मागच्या अंगणात सुटत असतील तर आधी वळवा. सेप्टिक टँक गळत असेल तर तोही.

आणखी एक विचारायचं राहिलं. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात तुमच्या जागेत पाणी आलं होतं का? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरात पोरांनाही पाठ आहेत. त्या दोन वर्षांत अंगणात नदीचं पाणी शिरलं असेल, तर टर्फवर खर्च करू नका असं मी सरळ सांगेन. पुराचा गाळ टर्फच्या पात्यांत आणि वाळूत बसला की तो पूर्णपणे निघत नाही. तिथं मुरमाचं मैदान ठेवा, पूर ओसरला की वरचा थर खरवडून नवा टाकता येतो.

पुराचा प्रश्न नसेल, तर पावसाळ्यात मातीची एक चाचणी करून घ्या. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या कोणत्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती होते. वाळवून चाळलेली माती दोन नळ्यांत घेतात, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. २४ तासांनी दोन्हींतला फरक मोजतात. फुगवटा ५० टक्क्यांच्या आत आला तर नशीब समजा. शंभराच्या वर गेला तर खाली सांगितलेला चुन्याचा थर टाळू नका.

आता डिसेंबरचं काम. सगळी ६० बाय ३० जागा भरू नका. मैदान ५६ फूट लांब आणि २६ फूट रुंद घ्या. टर्फचे रोल बहुधा दोन किंवा चार मीटर रुंदीचे येतात. चार मीटरचे दोन पट्टे शेजारी टाकले की ८ मीटर, म्हणजे २६ फुटांहून जरा जास्त होतात, आणि अख्ख्या मैदानाला मधोमध एकच सांधा येतो. ३० फुटांच्या हट्टापायी तिसरा रोल घ्याल, त्यातला दोन-तृतीयांश कापून फेकाल. चारी बाजूंना उरलेली दोन फुटांची पट्टी पाण्याला आणि भिंतीच्या पायाला लागणारच आहे.

खोदाई १० इंच. तेवढ्यानं साधारण १२ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती निघेल, आणि ती खणल्यावर सैल होऊन १५ ब्रासच्या आसपास भरेल. ती कुठं टाकायची ते डंपर यायच्या आधी ठरवा. भिंतीला लागून ढीग करू नका. खड्ड्याच्या तळालाच उतार द्या, रुंदीच्या २६ फुटांत तीन इंच, गटारीच्या बाजूकडं. पुष्कळ ठिकाणी वरचा थर उताराचा आणि तळ सपाट असतो. मग वरचं पाणी वाहतं आणि खालचं साचतं.

तळाची सहा इंच माती चुन्यानं बांधून घेता आली तर फार चांगलं. मातीच्या कोरड्या वजनाच्या तीन ते पाच टक्के चुना लागतो. तुमच्या जागेला तो साधारण सव्वा टन होईल, म्हणजे २५ किलोची पन्नासेक पोती. हातानं तो एकजीव होत नाही. पण उसाच्या पट्ट्यात राहून ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर मिळणार नाही असं होणार नाही. दोन-तीन वेळा फिरवून घ्या, पाणी मारा, रोलर फिरवा आणि आठवडाभर ओल टिकवा. चुना विझवलेलाच घ्या, कळीचा नको. काम वारा नसताना सकाळी करा, डोळ्यांना चष्मा, हातमोजे, आणि मुलांना त्या दिवशी मावशीकडं पाठवा.

त्यावर न विणलेलं जिओटेक्स्टाईल कापड अंथरायचं, म्हणजे काळी माती वर येऊन मुरमात मिसळणार नाही. मग मुरूम, दाबून नऊ इंच, दोन थरांत, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. दाबून अकरा ब्रास बसेल, मागवताना चौदा मागवा. रॉयल्टीची पावती बघूनच गाडी खाली करू द्या, गौण खनिजाचा दंड लहान नसतो. मुरूम टणक हवा. हातात चोळल्यावर साबणासारखा लागणारा पिवळा मुरूम परत पाठवा.

इथं मुरमाचं काम निचऱ्याचं नाही, झाकणाचं आहे, आणि हीच गोष्ट ठेकेदार लोक सहसा उलटी समजतात. फुगणाऱ्या मातीवर, न फुगणाऱ्या पण धरून राहणाऱ्या मातीचा दाबलेला थर टाकायचा, ही पद्धत आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी विकसित केली. कालवे आणि इमारतींसाठी तो थर मीटरभर जाड घेतात. मुलांच्या मैदानाला तेवढा परवडत नाही, म्हणून नऊ इंचांची तडजोड. तडजोड आहे हे लक्षात ठेवा. एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरची हालचाल होईल, लाटा येणार नाहीत.

मुरमाच्या वर पाणी वाहून न्यायला चार इंच खडी, आणि तिच्यावर इंचभर बारीक चुरी-ग्रिट. म्हणजे मैदान अंगणापेक्षा चारेक इंच उंच राहतं आणि बाहेरचं पाणी आत येत नाही. उताराच्या खालच्या बाजूला ५६ फूट लांबीचा चर काढा. त्यात आधी जाड प्लास्टिक, मग कापडात गुंडाळलेला चार इंची छिद्रांचा पीव्हीसी पाईप, भोवती खडी. पाईपला त्या लांबीत सातेक इंच उतार. प्लास्टिक कशाला? नाहीतर पाईपकडं जाणारं पाणी वाटेत काळ्या मातीलाच पाजलं जातं. उरलेल्या तीन कडांनाही दोन-अडीच फूट खोल अरुंद चर मारून जाड प्लास्टिक उभं सोडा, की कडेची ओल फार वर-खाली होणार नाही. मैदानाची काँक्रीटची कड कंपाउंड भिंतीला जोडू नका. दोघांना वेगवेगळं हलू द्या.

कडुलिंबाबद्दल शेजाऱ्यांशी भांडू नका. झाड उन्हाळ्यात माती आणखी सुकवतं हे खरं. पण मोठं झाड तोडलं की ते पीत असलेलं पाणी मातीत राहतं आणि ती जागा पुढची काही वर्षं फुगत राहते. आहे ते राहू द्या. त्या बाजूचं उभं प्लास्टिक थोडं जाड आणि खोल घ्या, बस्स.

एवढं झाल्यावर टर्फ विकत घेऊ नका. पुढचा अख्खा पावसाळा जाऊ द्या. माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच आहे, आणि तो कुठलाही ठेकेदार देणार नाही, कारण त्याचा नफा गालिच्यात आहे. डिसेंबरपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुलांना ग्रिटच्या मैदानावर खेळू द्या. गुडघे फुटतील. तालमींच्या नावानं फुटबॉल संघ चालवणाऱ्या गावात फुटलेल्या गुडघ्याचं कौतुक मी करत बसत नाही, पण खेळ थांबायला नको. पावसाळ्यानंतर तीन मीटरची सरळ पट्टी मैदानभर ठेवून बघा. खाली कुठं १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर तिथं चुरी घालून परत दाबा. हे दुरुस्तीचं काम टर्फखाली गेलं की दहापट महाग पडतं. मग दुसऱ्या डिसेंबरात टर्फ.

टर्फ निवडताना सगळे दुकानात हात फिरवून मऊपणा बघतात. तुम्ही आधी खेळ ठरवा. फुटबॉलला ४० ते ५० मिलिमीटरची पाती बरी. क्रिकेटचा चेंडू त्यात बसतो, त्याला आखूड हवी. बास्केटबॉल, पिकलबॉल टर्फवर विसरा, चेंडू उसळत नाही. आणि क्रिकेटची खेळपट्टी यष्टीपासून यष्टीपर्यंत ६६ फूट असते, तुमची जागाच ६० ची आहे. म्हणून मैदान मुलीच्या फुटबॉलचं करा. धाकट्यानं त्यावर टेनिस बॉलनं अंडरआर्म खेळावं. दोघांना खूश करायला मधली २५-३० मिलिमीटरची पाती घेतलीत तर दोघंही कुरकुर करतील.

पात्यांत भरायला फक्त धुतलेली सिलिका वाळू घ्या. काळे रबराचे दाणे नकोत. आपल्या पावसात ते वाहून गटारीत आणि तिथून नदीत जातात. युरोपियन संघानं २०२३ च्या नियमानं अशा दाण्यांच्या विक्रीला आठ वर्षांची मुदत देऊन २०३१ पासून बंदी घातली आहे. तिकडं बंद होणारा माल स्वस्तात इकडं येईल, तेव्हा 'ऑफर'ला भुलू नका. टर्फ दुपारच्या उन्हात प्रचंड तापतं, पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढं जाऊ शकतो. अनवाणी पाय भाजतात. पाणी मारून जो गारवा येतो तो थोड्याच वेळाचा असतो, आणि तुम्हाला तर खाली पाणी नकोच आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी, एवढंच खेळ.

करारात दर वेगवेगळे लिहून घ्या: खोदाई, मुरूम, खडी, पाईप, टर्फ, चिकटवणं. 'चौरस फुटाला इतके, सगळं धरून' असा एकच आकडा असेल तर कात्री पायालाच लागते. हमी विचारताना नीट विचारा. बहुतेक हमी पात्यांच्या रंगाची असते, पाया बसला किंवा फुगला तर तिचा उपयोग नाही. पायाची दोन वर्षांची जबाबदारी वेगळी लिहून द्यायला जो तयार होईल त्याला काम द्या, चार पैसे जास्त घेतले तरी.

पुढं तासावर भाड्यानं द्यायचा विचार असेल तर आत्ताच ठरवा. मग ते घरगुती अंगण राहत नाही. ग्रामपंचायतीची परवानगी, व्यावसायिक घरफाळा, विजेचा वेगळा दर, आणि रात्री दहानंतर आरडाओरड्यावर शेजाऱ्यांची तक्रार, हे सगळं मागं लागतं. शेजाऱ्यांचं झाड आणि तुमची भिंत एकमेकांना लागून असताना मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

जाळीचे खांब राहिले. जाळीवर वारा बसतो, म्हणून ते उथळ पुरून चालत नाहीत, आणि काळी माती फुगताना उथळ खांब वर ओढते. किमान पाच फूट खोल जा, खड्डा काँक्रीटनं भरा, वरच्या फूटभर भागात भोवती काळी माती न भरता मुरूम भरा. हे खांब मुरमाच्या थराआधी उभे करा. दिवे आत्ता लावायचे नसले तरी प्रत्येक खांबापर्यंत केबलसाठी रिकामा पाईप त्याच वेळी टाकून ठेवा, नंतर टर्फ उचकटावं लागणार नाही.